चित्राचा धनी : विल्यम होगार्थ

इंग्रजीच्या वर्गात अठरावे शतक सुरू झाले की फील्डिंगच्या पाठोपाठ विल्यम होगार्थचे नाव एकदा तरी निघते. लंडनच्या गल्लीबोळांतील दारुडे, जुगारी, ढोंगी धर्मोपदेशक आणि कर्जबाजारी उमराव यांना चित्रांत पकडणारा उपरोधकार, एवढी ओळख करून देऊन प्राध्यापक पुढे जातात. परीक्षेच्या दृष्टीने तेवढे पुरेही आहे. माझे लक्ष मात्र त्याच्या चित्रांइतकेच त्यांच्या तळाशी कोरलेल्या एका बारीक ओळीने वेधून घेतले. चित्र कोणाचे, ते कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाले, आणि संसदेच्या कायद्यानुसार प्रसिद्ध झाले, इतकाच तिचा मजकूर. आपण सहसा वाचत नाही अशी ही ओळ. पण ती तिथे यावी म्हणून होगार्थला आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घालावी लागली, आणि ती ओळ नसली म्हणजे काय होते हे आज, त्याच्या मृत्यूला अडीचशेहून अधिक वर्षे लोटल्यावर, आपल्याला पुन्हा कळू लागले आहे.

होगार्थचा जन्म लंडनमधील स्मिथफील्डच्या बाजाराजवळ १० नोव्हेंबर १६९७ रोजी झाला. वडील रिचर्ड होगार्थ हे लॅटिनचे शिक्षक. विद्वान, कष्टाळू आणि व्यवहारात साफ अडाणी! शिकवण्यांवर भागेना म्हणून त्यांनी एक कॉफीगृह उघडले आणि तेथे येणाऱ्यांना लॅटिनमधून संभाषण करता येईल अशी सोय ठेवली. असे दुकान चालणार किती? ते बुडाले, आणि कर्ज फेडता आले नाही म्हणून रिचर्ड होगार्थ फ्लीट या तुरुंगाच्या हद्दीत जाऊन पडले. विल्यम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. कुटुंबाची चार वर्षे त्या छायेत गेली.

बापाची आणखी एक आशा होती. त्यांनी खपून एक लॅटिन शब्दकोश तयार केला होता. त्या काळी पुस्तकविक्रेता हाच प्रकाशक असे. लेखकाने हस्तलिखित घेऊन त्याच्या दारी उभे राहायचे. कोश छापला गेला नाही. १७१८ मध्ये वडील वारले. पुस्तकविक्रेत्यांनी झुलवत ठेवल्यामुळेच आपला बाप खचून गेला, असे होगार्थचे म्हातारपणापर्यंत ठाम मत होते. त्यात किती खरे आणि किती मुलाच्या मनातील अढी, हा प्रश्न वेगळा; पण हाताने निर्माण करणारा उपाशी आणि दुकानात मांडून विकणारा सुखी, हे चित्र त्या मुलाने घरातच पाहिले होते.

विद्येने पोट भरत नाही हे पाहिलेल्या मुलाने हस्तकला धरली. एलिस गॅम्बल नावाच्या कारागिराकडे तो चांदीच्या भांड्यांवर सरदारांची कुलचिन्हे कोरायला शिकू लागला. काम बारीक आणि कंटाळवाणे. १७२० मध्ये त्याने उमेदवारी सोडून स्वतःचे दुकान थाटले. व्यापाऱ्यांची पत्रके, पुस्तकांतील चित्रे, मिळेल ते काम. चित्रकला शिकायला तो कलाशाळेत जाई, पण समोरचे पाहून उतरवत बसण्याचा त्याला तिटकारा होता. रस्त्यात दिसलेला चेहरा, हाणामारीतला एखादा आविर्भाव तो मनात साठवून ठेवी आणि घरी येऊन रेखी. फारच झाले तर अंगठ्याच्या नखावर दोन रेघा ओढून घेई. ही स्मरणशक्तीची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे उलटून त्याच्याच अंगावर येणार आहे.

१७२४ मध्ये त्याने स्वतःच्या हिमतीवर एक उपरोधिक चित्र कोरून बाजारात आणले. मुखवट्यांचे नाच आणि इटालियन संगीतिका यांच्यामागे धावणाऱ्या लंडनकरांची त्यात टिंगल होती. किंमत एक शिलिंग. चित्र गाजले. पण थोड्याच दिवसांत चित्रविक्रेत्यांच्या दुकानांत त्याच्या नकला निम्म्या किमतीला दिसू लागल्या, आणि त्याने विक्रीस ठेवलेल्या अस्सल प्रती दुकानदार परत पाठवू लागले. शहरातील सगळी दुकाने त्या विक्रेत्यांच्याच हाती, तेव्हा तक्रार करायची कोणाकडे?

ही नक्कल कशी होई ते सांगायला हवे, कारण आजच्या वाचकाला ती फार कष्टाची वाटेल. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर चित्रकार टोकदार हत्याराने किंवा तेजाबाच्या साहाय्याने रेघा कोरतो. त्या रेघांत शाई भरायची, पत्रा वरून पुसून घ्यायचा, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा, की चित्र उमटते. पत्रा करायला महिने लागतात. प्रत काढायला काही मिनिटे. मूळ चित्रकाराचे खरे भांडवल म्हणजे ते महिने. चोराला विचार करायचा नसतो, माणसे हुडकायची नसतात, रचना मोडून पुन्हा करायची नसते. तो एक प्रत विकत घेतो आणि तिच्यावरून दुसरा पत्रा कोरून घेतो. सरळ उतरवले की छापताना चित्र उलटे होते, डावीकडचा माणूस उजवीकडे जातो, म्हणून अनेक चोरट्या प्रती आरशात पाहिल्यासारख्या दिसतात. गिऱ्हाइकाला त्याचे काय? त्याला सहा पेन्स वाचले.

पुस्तकांना इंग्लंडात १७१० पासून कायद्याचे संरक्षण होते. चित्राला नव्हते. म्हणजे त्याच माणसाने चार ओळींचे पद्य छापले तर ते त्याचे, आणि चार महिने खपून पत्रा कोरला तर तो गावाचा!

मधल्या काळात होगार्थचे दैव थोडे फिरले. सर जेम्स थॉर्नहिल हा राजाचा चित्रकार. त्याच्या कलाशाळेत होगार्थ जाऊ लागला आणि १७२९ च्या मार्चमध्ये त्याच्या मुलीशी, जेनशी, बापाला न विचारता लग्न करून मोकळा झाला. सासरा रागावला, पण जावयाचे पुढचे काम पाहून विरघळला. ते काम म्हणजे सहा चित्रांची मालिका, एका गणिकेची जीवनयात्रा. खेड्यातून गाडीत बसून लंडनला आलेली भाबडी मुलगी कुंटिणीच्या हाती लागते आणि तेविसाव्या वर्षी शवपेटीत जाते, अशी ही कथा. त्यातील काही चेहरे लंडनकरांना ओळखीचे होते. होगार्थने विक्रेत्यांना वगळून आगाऊ वर्गणी घेतली : संपूर्ण संचास एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. १७३२ मध्ये बाराशेवर संच गेले. एका चित्रकाराच्या आयुष्याचे सोने झाले असे म्हणावे, तोच नकलांचा पूर आला. कोणी हिरव्या शाईत काढल्या, कोणी निम्म्या आकारात.

१७३३ मध्ये होगार्थने लेस्टर फील्ड्स या चौकात घर घेतले आणि दुसरी मालिका आरंभली, एका उधळ्या तरुणाची आठ चित्रांत सांगितलेली जीवनयात्रा. कंजूष बापाची दौलत हाती आलेला टॉम रेकवेल ती उडवतो, जुगारात घालवतो आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. सातवे चित्र फ्लीट तुरुंगाचे आहे. कर्जापायी अडकलेल्या टॉमने पैशासाठी नाटक लिहून पाहिले आहे आणि ते नाटकवाल्याने परत पाठवले आहे. होगार्थने आपल्या बापाविषयी फार थोडे लिहून ठेवले. मला वाटते, जे सांगायचे होते ते त्याने या पत्र्यावर सांगितले.

पण पत्रे तयार होत आले तरी त्याने चित्रे बाजारात आणली नाहीत. या वेळी आधी कायदा, मग चित्र, असे त्याने ठरवले होते. जॉर्ज व्हर्च्यू, जॉन पाइन, जॉर्ज लँबर्ट वगैरे सहव्यवसायी त्याला मिळाले. त्यांनी एक निवेदनपत्र छापून संसद-सदस्यांत वाटले. धनाढ्य विक्रेते कारागिरांना कसे राबवतात आणि कोणी स्वतंत्रपणे चित्र काढले की कसे लुबाडतात, याची हकीकत त्यात होती. १७३५ च्या फेब्रुवारीत अर्ज संसदेपुढे गेला. १५ मे रोजी राजाची संमती मिळाली आणि २४ जून ही अंमलाची तारीख ठरली.

कायदा लहानसा आहे. चित्र स्वतः रचून कोरणाऱ्याला प्रसिद्धीच्या दिवसापासून चौदा वर्षे त्यावर एकट्याचा हक्क. कोणी नक्कल केली तर त्याचे पत्रे आणि कागद जप्त होऊन नष्ट व्हायचे, शिवाय सापडलेल्या प्रत्येक प्रतीमागे पाच शिलिंग दंड. आणि एक अट : मालकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख प्रत्येक पत्र्यावर कोरली पाहिजे व प्रत्येक प्रतीवर उमटली पाहिजे. ती तळाची ओळ ती हीच.

विक्रेत्यांना ही तारीख ठाऊक होती. अजून काही आठवडे हातात होते. होगार्थच्या घरी मूळ रंगचित्रे वर्गणीदारांना पाहण्यासाठी मांडलेली असत. गिऱ्हाइकांच्या मिषाने माणसे पाठवण्यात आली. त्यांनी चित्रे डोळ्यांत साठवली, बाहेर येऊन सांगितली आणि त्या आठवणींवरून पत्रे कोरून आठही चित्रे जूनच्या आरंभी बाजारात आणली! अंगठ्याच्या नखावर जग टिपणाऱ्या चित्रकाराला त्याच्याच पद्धतीने लुटले गेले. नकला ओबडधोबड होत्या, तपशील चुकले होते, पण कथा फुटली होती. होगार्थने वृत्तपत्रांत जाहिराती देऊन विक्रेत्यांच्या कारवायांचा निषेध केला आणि अस्सल चित्रे २५ जूनला, म्हणजे कायदा अमलात आल्याच्या दुसऱ्या दिवशी काढली. शिवाय त्याने एक धूर्त चाल केली. टॉमस बेकवेल नावाच्या विक्रेत्याला त्याने स्वतःच्या संमतीने लहान, स्वस्त प्रती काढू दिल्या, अडीच शिलिंगांना संच. गरीब गिऱ्हाइकाला चोराकडे जाण्याचे कारणच ठेवले नाही. कायद्यापेक्षा ही अक्कल मला अधिक मोलाची वाटते.

होगार्थला संत करण्याचे कारण नाही. तो हट्टी, बढाईखोर आणि पैशाच्या बाबतीत पक्का दुकानदार होता. परदेशी चित्रांच्या व्यापाऱ्यांवर त्याचा दात होता, फ्रेंचांचे त्याला वावडे होते. पण कारागिराच्या हातचे काम ही त्याची मालमत्ता आहे, हा मुद्दा त्याने पकडला आणि सोडला नाही. त्या कायद्याला इंग्लंडात पुष्कळ दिवस होगार्थचा कायदा असेच म्हणत. कायद्याच्या जोरावर १७४७ मध्ये उद्योगी व आळशी उमेदवारांची बारा चित्रे आणि १७५१ मध्ये जिनच्या गल्लीचे भयंकर चित्र त्याने मुद्दाम स्वस्त किमतीत काढले, म्हणजे गरिबांच्याही भिंतीवर ती लागावीत. गणिकेच्या मालिकेची मूळ रंगचित्रे तर १७५५ मध्ये एका वाड्याला लागलेल्या आगीत जळाली. आज ती कथा आपल्याला दिसते ती केवळ छापील प्रतींमुळे.

इथे थोडे विषयांतर करतो. नाव आणि तारीख कोरण्याची ती अट पुढे कायद्यातून गेली. कलाकृतींच्या संरक्षणासाठी १८८६ मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९०८ मध्ये बर्लिन येथे त्यात दुरुस्ती होऊन ठरले, की हक्क मिळण्यासाठी नावनोंदणी किंवा शिक्का यांची गरज नाही. कृती निर्माण झाली की हक्क आपोआप जन्मतो. आपला १९५७ चा कायदाही हेच मानतो, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. गरीब कलावंताच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली यात शंका नाही. पण तिच्या पोटी एक विचित्र प्रश्न जन्मला. हक्क आहे, पण हक्कदार कोठे आहे हे कोणालाच माहीत नाही, अशा चित्रांचा, छायाचित्रांचा, पुस्तकांचा ढीग जगभर साचला. त्यांना आता अनाथ कृती म्हणतात. संग्रहालयाला जुने छायाचित्र छापायचे आहे, कोणाची परवानगी घ्यावी ते कळत नाही. म्हणून ते कपाटातच राहते. ही अडचण खरी आहे.

मात्र चित्रकारांची भीतीही तितकीच खरी आहे. आज चित्र अनाथ व्हायला आईबाप मरावे लागत नाहीत, नखाएवढी सही कापली की पुरते. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने मोबाइलवर टाकलेले पेनचे रेखाचित्र दिवाळीत एका दुकानाच्या शुभेच्छापत्रावर सापडले. कोपऱ्यातील सही गायब. विचारल्यावर उत्तर आले, की चित्र कुठूनतरी आले, कोणाचे ते कळले नाही. तिला तो राग अजून आहे. अमेरिकेत २००८ मध्ये आलेल्या अनाथ कृतींच्या विधेयकाला चित्रकारांनी विरोध केला तो याच कारणाने. वापरणाऱ्याने आपल्या परीने शोध घ्यावा, मालक सापडला नाही तर कृती वापरावी, मालक पुढे आला तर त्याला वाजवी मोबदला द्यावा, अशी ती योजना होती. शोध पुरेसा झाला की नाही हे आधी ठरवायचे कोणी? तर ज्याला चित्र हवे आहे त्यानेच! ते विधेयक सिनेटमध्ये संमत झाले, पण प्रतिनिधिगृहात अडले. ब्रिटनने २०१४ पासून दुसरी वाट धरली आहे : आधी शोध, मग सरकारी कार्यालयाचा परवाना, आणि मालकासाठी शुल्क बाजूला ठेवणे. आपल्याकडे कलम ३१-अ अन्वये परवाना मागणाऱ्याला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. मालक सापडला नाही तरी मोबदल्याची रक्कम जमा करता येते. मला हीच वाट बरी वाटते. निदान एक तिऱ्हाईत माणूस मध्ये उभा असतो. विक्रेता आणि न्यायाधीश एकच असला म्हणजे काय होते, ते १७२४ मध्ये होगार्थने पाहिले होते.

अनाथ हा शब्द होगार्थच्या चरित्रात अगदी शब्दशः येतो. त्याला मूल झाले नाही. टॉमस कोरम नावाचा एक म्हातारा जहाजी कप्तान लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली अर्भके पाहून व्याकूळ झाला आणि सतरा वर्षे लोकांचे उंबरे झिजवून त्याने १७३९ मध्ये त्यांच्यासाठी आश्रमाची सनद मिळवली. होगार्थ त्या संस्थेच्या पहिल्या विश्वस्तांपैकी एक. त्याने संस्थेचे चिन्ह रेखून दिले, १७४० मध्ये कोरमचे भव्य व्यक्तिचित्र काढून भेट दिले, इतर चित्रकारांनाही चित्रे द्यायला लावले. १७५० मध्ये सैन्याच्या कूच करण्याचे एक मोठे चित्र त्याने सोडतीस काढले तेव्हा खपली नाहीत ती १६७ तिकिटे आश्रमाला देऊन टाकली, आणि चित्र नेमके आश्रमालाच लागले! चिझिक गावी त्याचे दुसरे घर होते. तेथे तो आणि जेन दाईंकडे ठेवलेल्या आश्रमाच्या मुलांवर देखरेख करीत.

मार्च १७४१ मध्ये पहिली मुले दाखल झाली. आश्रमात आल्यावर मुलाला नवे नाव मिळे. अगदी आरंभीच्या दोन मुलांना कोरमचे आणि त्याच्या बायकोचे नाव दिले गेले. जुने नाव पुसले जाई. मग पुढे कधी आईचे दिवस पालटले आणि ती मूल मागायला आली तर ओळख कशी पटावी? म्हणून मूल ठेवताना आई एखादी खूण ठेवून जाई : घासून त्यावर अक्षरे कोरलेले नाणे, फितीचा तुकडा, बाळाच्या अंगावरच्या कापडाची चिंधी. तारीख घालून ती खूण नोंदपत्राबरोबर जपून ठेवीत. फार थोड्या आया परत आल्या. पण ज्या आल्या त्यांना दाखवायला काहीतरी होते. पत्र्यावर नाव आणि तारीख कोरण्यासाठी भांडलेल्या माणसाने या चिंध्या पाहिल्या तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, याचा तर्क करण्याचा मोह मला आवरत नाही.

उत्तरायुष्य थोडक्यात सांगतो, कारण ते सुखाचे नाही. तैलचित्रकार म्हणून मान मिळावा ही त्याची तळमळ पुरी झाली नाही. एका सरदारी विवाहाची सहा अप्रतिम रंगचित्रे, जी आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेत आहेत, १७५१ च्या लिलावात अवघ्या १२० गिनींना गेली. १७५३ मध्ये त्याने सौंदर्याच्या विश्लेषणावर ग्रंथ लिहिला, त्याची टवाळी झाली. १७५७ मध्ये राजाच्या चित्रकाराचे पद मिळाले. पुढे राजकारणात पडून जॉन विल्क्स या जुन्या स्नेह्याशी वैर ओढवून घेतले. त्याचे तिरळे, कुत्सित चित्र काढून सूड उगवला खरा, पण स्वतःही पोळला. २५ ऑक्टोबर १७६४ च्या रात्री लेस्टर फील्ड्समधल्या घरी त्याने प्राण सोडला. चिझिकच्या दफनभूमीत त्याला पुरले.

मागे जेन राहिली. तिच्यापाशी जडजवाहीर नव्हते, पत्रे होते. चौदा वर्षांची मुदत बहुतेकांची संपलेली. म्हणजे नवऱ्याने मिळवलेला कायदाच आता तिला उघड्यावर टाकणार होता. पण ती गप्प बसली नाही. संसदेने नवा कायदा करून चित्रांची मुदत अठ्ठावीस वर्षांवर नेली, आणि त्यातच जेन होगार्थ या एका विधवेचे नाव घालून तिला १ जानेवारी १७६७ पासून पतीच्या चित्रांवर वीस वर्षांचा खास हक्क दिला. त्या घरातून ती स्वतः चित्रे विकत राहिली. ती वीस वर्षे संपली तेव्हा ती वृद्ध झाली होती. रॉयल अकॅडमीने तिला चाळीस पौंडांचे वर्षासन दिले. १७८९ मध्ये ती गेली. पत्रे मेरी लुइस या चुलत बहिणीकडे आले आणि तिने ते वर्षासनाच्या बदल्यात जॉन बॉयडेल या विक्रेत्याला दिले. तेथून ते दुसऱ्यांच्या हाती गेले. रेघा झिजल्या होत्या म्हणून १८२२ च्या आवृत्तीसाठी जेम्स हीथ नावाच्या कोरक्याने त्या पुन्हा खोदून काढल्या. चेहरे थोडे जाड झाले, सावल्या काळवंडल्या. त्या प्रतींच्या तळाशीही होगार्थचे नाव आहे, आणि तारीख २५ जून १७३५.